बॉनेटखाली लोणच्याची बरणी

मी गाडीच्या काच धुवायच्या टाकीत नळाचं साधं पाणी भरलं. अमेरिकेतल्या बर्फाळ नेपरव्हिलमध्ये. डिसेंबरात.

न गोठणारं निळं पाणी दुकानात मिळतं, हे मला ठाऊक होतं. पण काच धुवायला पाणी विकत आणायचं, हे पुण्यात वाढलेल्या डोक्यात काही केल्या शिरेना. दोन दिवसांत टाकीत बर्फ झाला आणि टाकी उभी चिरली.

गाडी आमची छोटीशी, अमेरिकन. स्वस्त पडली म्हणून घेतली, आणि वर्षभरात कंपनीनं ते मॉडेलच बंद केलं. तेव्हापासून प्रत्येक पार्टीत कुणीतरी विचारतंच, "अजून तीच का?" हो, तीच! तुम्ही सात सीटच्या गाडीतून एकटे ऑफिसला जाता, मी गुडघे पोटाशी घेऊन जातो. पोचतो दोघंही.

मेकॅनिक म्हणाला, "टाकी मिळाली तर दोन महिन्यांनी मिळेल." ते 'मिळाली तर' बायकोनं बरोबर ऐकलं.

"लेक आता हायवेवर ड्राइव्ह करते. बर्फ वितळायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा चिखल ट्रक उडवतात, काच आंधळी होते. शनिवारपर्यंत काचेवर पाणी उडालं पाहिजे. नाहीतर गाडी दान."

इथे गाडी दान करता येते. फोन केला की येऊन घेऊन जातात. तो नंबर तिनं फ्रिजवर चिकटवलासुद्धा.

मग मीही पेटलो. कैरीच्या लोणच्याची प्लास्टिकची मोठी बरणी संपायला आली होती. उरलेलं लोणचं मी दोन दिवसांत, पोळीशी, भाताशी, शेवटी नुसतं, संपवलं. बरणी विसळली. तळाशी भोक पाडून जुन्या टाकीची मोटर बसवली, नळी जोडली आणि बरणी बॅटरीशेजारच्या कोपऱ्यात पट्ट्यानं आवळली. वर निळं पाणी भरलं. अगदी कारखान्यातून आल्यासारखी दिसत होती. म्हणजे लोणच्याच्या.

शनिवारी सकाळी ड्राइव्हवेवर बायको हाताची घडी घालून उभी. लेक स्टिअरिंगवर. मी म्हणालो, "दाब."

मोटर घरघरली. पाणी आलं नाही.

"बाबा, नथिंग."

"अगं, दाबून धर!"

मोटर रडली. बायकोनं खिशातून फोन काढला. मी टाचणी घेऊन बॉनेटवर आडवा झालो आणि फवाऱ्याचं भोक टोकरलं. आतून काय निघावं? मोहरीची डाळ!

"आता दाब!"

एक जोरदार पिचकारी उडाली, निम्मी काचेवर, निम्मी माझ्या तोंडावर. वायपर फिरले आणि काचेवर हळदीच्या तेलाचा पिवळाधमक अर्धगोल उमटला. लेकीनं खिडकीतून नाक बाहेर काढलं. "बाबा, इट स्मेल्स लाइक लंच."

मी डोळे चोळत ओरडलो, "पाणी उडालं! अट पाणी उडायची होती. काच स्वच्छ व्हायची नव्हती!"

बायकोनं फोन खिशात ठेवला. पिवळ्या काचेवरून एक बोट फिरवलं, त्याचा वास घेतला.

"राहू दे गाडी. बरणी मी साबणानं धुऊन देते. पण ह्यापुढे तू बॉनेटला हात लावायचा नाहीस. खोट गाडीत नाहीच आहे."