ट्रॉलीवरून खाली उतरताना

हुमनाबादच्या हायवेवर माझं पंक्चरचं दुकान आहे. टायरपुढं बसल्या बसल्या लॉरीवाल्यांकडून मी कानडी पक्की केली, दखनी उचलली. मराठी घरचीच. या तीन भाषांच्या जोरावर आमच्या मंडळीत मला एक मानाचं काम मिळालं. दरवर्षी ज्वारी निघाली की आमच्या गावच्या रिकाम्या शेतात मांडव पडतो आणि तीन दिवस प्रार्थनासभा चालते. कलबुर्गीकडून उपदेशक येतात, ते कानडीतून बोलतात. निम्मं गाव मराठी, म्हणून त्यांच्या शेजारी उभा राहून वाक्यामागं वाक्य मराठीत सांगणारा मी. ट्रॅक्टरची ट्रॉली हेच आमचं व्यासपीठ.

या कामाचा मला गर्व होता, उगीच कशाला लपवू? उपदेशकांनी हात उंचावले की मीही उंचावायचो. ते कळवळून बोलले की मीही कळवळून बोलायचो. म्हाताऱ्या बायका नंतर माझ्याच पाठीवरून हात फिरवत म्हणायच्या, "काय बोललास रं लेका!" उपदेशक बिचारे बाजूला चहा पीत असायचे.

सभेचा शेवट पाचारणानं होतो. आम्ही सगळे जन्माचे ख्रिस्ती, पाळण्यात असतानाच बाप्तिस्मा झालेले. पण नुसतं नावाला राहू नका, प्रभू भरलेलं जीवन द्यायला बोलावतोय, ज्याला हवं त्यानं पुढं येऊन गुडघे टेकावेत, असं उपदेशक म्हणतात. ते म्हणतात, "मुंदक बर्री." मी म्हणतो, "पुढं या." लोक उठतात, ट्रॉलीपुढच्या सतरंजीवर गुडघे टेकतात, रडतात, आणि घरी जाताना चेहरा धुतल्यासारखा दिसतो. मी हे वरून बघत आलो.

यंदा शेवटच्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मंडळीतल्या एका थकलेल्या आत्यानं मला सगळ्यांदेखत विचारलं, "तू सगळ्यास्नी बोलवायलास. तू कवा जायलास फुडं?"

"मी तर फुडंच हाय की, आत्या!" मी म्हणालो. सगळे हसले. मीही हसलो, पण चहा गोड लागेना.

कारण प्रश्न खरा होता. लग्नात पंगती वाढणारा माणूस सगळ्यांना आग्रह करकरून वाढतो आणि त्याचं स्वतःचं पान राहून जातं, तशी माझी गत होती. शेकडो जणांना मी बोलावलं होतं. मला मात्र ते जीवन हवं होतं की नव्हतं, हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. आता विचारलं, तर उत्तर लगेच आलं. हवं होतं. फार हवं होतं. पण इतक्या वर्षांनी दुभाष्यानंच गुडघे टेकायचे म्हणजे लोक म्हणणार, मग आजवर हा काय नुसता पोपट होता?

दुपारी पाचारणाची वेळ आली. उपदेशक म्हणाले, "मुंदक बर्री." मी तोंड उघडलं आणि आवाजच निघेना. ते पुन्हा म्हणाले. कानडी माणसं उठू लागली, मराठी माणसं माझ्याकडं बघत बसली. आणि मला अडचण कळली. मी आधीच पुढं उभा होतो. पुढं यायचं तर आधी मागं जाणं भाग होतं.

मी ट्रॉलीवरून उतरलो. उतरताना पाय अडकला, पडता पडता वाचलो. साउंडवाल्याला वाटलं मला चक्कर आली, त्यानं पाण्याची बाटली पुढं केली. मधल्या वाटेनं मी निघालो तर माणसं गुडघे आखडून वाट देऊ लागली. मला घाईची लागली, असा त्यांचा समज झाला असावा. मी थेट मांडवाच्या मागं, चुलाणापाशी जाऊन थांबलो. तिथं माझी बायको आणि चार बायका जेवणाची हुग्गी ढवळत होत्या. गव्हाची ती गूळ घातलेली खीर आमच्याकडं सभेला लागतेच.

"काय झालं? पित्त उठलं का?" बायको म्हणाली.

"न्हाई. मला फुडं जायचंय."

"फुडंच तर हुता की!"

"तिथं मी कामाला हुतो."

तिनं पदराला हात पुसले आणि माझ्या मुठीतला माइक काढून घेतला. तो बिनवायरीचा माइक मी तसाच घेऊन आलो होतो, मला भानच नव्हतं. बायको आळंदकडची, माहेर अस्सल कानडी. तिच्या मराठीची मी आयुष्यभर टिंगल केलेली. ती चुलाणापाशी उभी राहून बोलू लागली, "देव तुमाला बोलवायलाय. कामून बसलाव? उठा. लौकर उठा, हुग्गी खाली लागायलीय."

शेवटचं वाक्य उपदेशकांचं नव्हतं. पण मराठी माणसं हसत हसत उठली. मीही निघालो. तिची ती मोडकी मराठी कानावर घेत मी चालत होतो, आणि आज पहिल्यांदा मला कुणाला काही सांगायचं नव्हतं. बोलावणं माझं होतं. मला इतका आनंद झाला की लोक काय म्हणतील ते आठवलंसुद्धा नाही.

मी सतरंजीवर गुडघे टेकले. उपदेशक खाली उतरले, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून कानडीत विचारलं, काय मागतोस? कानडीत उत्तर देता आलं असतं, पण जीभ मराठीतच वळली. "मला बी पायजे," एवढंच मी म्हणालो.

बायको माइक घेऊन मागोमाग आली होती. तिनं ते कानडीत सांगितलं, पण माझ्या तीन शब्दांना तिला बराच वेळ लागला. यांना पाहिजे, ती म्हणाली, आणि मलाही पाहिजे. यांच्याआधी एकटीनं कशी येऊ, म्हणून मी इतकी वर्षं तिकडं स्वयंपाकात थांबले.

मला वाटायचं, पहाटे उठून प्रार्थना करणारी ही बाई माझ्या केव्हाच पुढं गेली आहे. ती तर मागं माझी वाट बघत होती. ती माझ्या शेजारी बसली आणि रडू लागली. पुढं तिला बोलता येईना.

"काय म्हनाली? आमाला बी सांगा की!" मराठी बाजूनं कुणीतरी ओरडलं.

मी तिच्या हातातून माइक घेतला.

"आमी दोघं बी आलाव," मी म्हणालो.