झाकणावरचा बाण

मला स्वच्छतेची खोड आहे. डबे घासताना झाकणं वेगळी, डबे वेगळे, शेवटी सगळं जुळवून ठेवायचं. या खोडीचं लोक कौतुक करतात. तिच्यापायी मी एका मुलीच्या कामाची माती केली, हे मात्र कुणाला माहीत नाही.

डब्लिनला मी भूशास्त्रात एम.एस्सी. करत होतो. लॅबमध्ये माझ्याहून सीनियर, पश्चिम आयर्लंडमधल्या मेयोकडची एक मुलगी पीएच.डी. करत होती. ती जपानला जाऊन फुजीच्या पायथ्याशी खड्डे खणून आली होती. फुजी म्हणजे आपल्याला चित्रातला सुबक त्रिकोण. पण तो थरांचा डोंगर आहे: लाव्हा, राख, पुन्हा लाव्हा, आणि पोटात त्याच्याहून जुने डोंगर गाडलेले. तीनशे वर्षांपूर्वीच्या शेवटच्या उद्रेकात आधी पांढरट, हलके दगड पडले, मग काळे खडे. कोणता थर खाली आणि कोणता वर, यावरूनच डोंगराचा इतिहास लिहितात. तिने खड्ड्याच्या भिंतीतून कापलेले मातीचे ठोकळे लांबट प्लास्टिकच्या डब्यांत आणले होते आणि प्रत्येक झाकणावर पक्क्या शाईने वरची बाजू दाखवणारा बाण काढला होता.

झाकणं चिखलाने माखलेली. मला राहवेना. ती जेवायला गेली तेव्हा मी धुवायला घेतली. एक धुवायचं, पुसायचं, परत तसंच लावायचं. मध्येच आईचा फोन आला. बोलता बोलता एक झाकण हातात फिरलं. असलं झाकण दोन्हीकडून बसतं. बाण कुठल्या बाजूला होता ते आठवेना. 'असंच असेल' म्हणून लावून टाकलं. ती परत आली आणि चकाचक डबे बघून मला चॉकलेट दिलं. मी ते खाल्लं.

नेमका तो डबा फारसा अभ्यास न झालेल्या, फार जुन्या उद्रेकाचा होता. त्यात काळं खाली, पांढरं वर. ती हरखून गेली. या वेळी डोंगर उलटा वागला होता! तिने त्यावर प्रबंधाचं अख्खं प्रकरण लिहायला घेतलं. मी रोज तिच्या शेजारी बसायचो आणि रोज ठरवायचो, आज सांगू. मग वाटायचं, लावलंही असेल बरोबर. खरं म्हणजे मी घाबरट होतो. आम्हा दोघांचे गाइड असलेल्या सरांचं शिफारसपत्र हवं होतं मला.

काही महिन्यांनी दुसऱ्या गटाने तिथेच जवळ खणलं. त्यांच्याकडे पांढरं खाली निघालं. सरांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर तिला विचारलं. तिचे खड्ड्याचे फोटो पावसात धूसर आले होते. ती कानापर्यंत लाल झाली.

"पाऊस कोसळत होता," ती म्हणाली. "मीच बाण उलटा काढला असणार."

सर निष्काळजीपणाबद्दल बरंच बोलले. प्रबंधातलं ते प्रकरण गेलं. मी समोर बसून चहात बिस्किट बुडवत होतो. बाहेर आल्यावर तिला म्हणालो, "होतं असं कधीकधी." हे वाक्य आठवलं की आजही तोंड लपवावंसं वाटतं.

आता मी डब्लिनजवळच ल्यूकनला राहतो, लिक्सलिपला नोकरी करतो. गेल्या वर्षी मुलीसाठी एका शाळेच्या ओपन डेला गेलो, तर भूगोलाच्या वर्गात तीच उभी. संशोधन तिने केव्हाच सोडलं होतं. मला बघून तिला इतका आनंद झाला की मला मान वर करवेना.

"तुझा बाबा लॅबमधला सगळ्यात काटेकोर माणूस," तिने माझ्या मुलीला सांगितलं. "आणि मी? जपानहून आणलेल्या डब्यावर बाणच उलटा काढला!" ती हसली. मीही हसलो.

परतताना गाडीत मुलीने विचारलं, "डॅड, वॉज शी अ बिट केअरलेस, लाइक?"

सिग्नल लाल होता. सांगायला वेळ भरपूर होता.

"थोडीशी," मी म्हणालो.