वीस किलोच्या चार प्लेटी

मी जातीचा संशयी माणूस. वडील नागपूरहून भोपाळच्या कारखान्यात आले ते तपासणी विभागात. मोजल्याशिवाय कुठलाही भाग पुढे सरकू द्यायचा नाही, हा त्यांचा धर्म. दूधवाल्याने मापून दिलेलं दूधसुद्धा ते घरच्या मापाने पुन्हा मोजत. दूधवाला कंटाळून गेला, वडील नाही कंटाळले.

मी झालो खेळाडूंची ताकद वाढवणारा कोच. बरखेड्याच्या टाउनशिपमध्ये मैदानाला लागून पत्र्याची एक शेड होती, तीच आमची जिम. राज्याच्या महिला हॉकी संघातल्या सहा-सात मुली रोज सकाळी यायच्या. हॉकी शिकवायची हेडकोचने. पाय, पाठ आणि दम हे माझं खातं. आल्या आल्या एकेकीला वजनकाट्यावर उभं करायचो. काय खाल्लं, किती झोपलीस, सगळं विचारायचो, आणि एकाही उत्तरावर विश्वास ठेवायचो नाही.

त्याला कारण होतं. माझ्या हाताखालचा एक गोळाफेकवाला मागे इंजेक्शनं घेताना सापडला होता. जो तो मलाच विचारी, "तुम्हाला कसं कळलं नाही हो?" काय सांगणार, कपाळ! "आईने दिलेलं टॉनिक आहे सर," असं तो म्हणायचा आणि मी बावळटासारखा मान हलवायचो. तेव्हाच ठरवलं, पुन्हा कुणाला मला येडा बनवू द्यायचं नाही.

मुलींमधली एक आमच्याच ओळीतल्या क्वार्टरमधली. फुलबॅक खेळायची. मैदानावर मला 'सर' म्हणायची आणि घरी 'काका'. देशाच्या कॅम्पसाठी तिचं नाव दोनदा हुकलं होतं. यंदा जवळजवळ नक्की होतं. घरात लग्नाचं बोलणं सुरू झालेलं, तेव्हा यंदा नाही तर कधीच नाही, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा आली. कारखान्याच्या वस्तीत हा सण म्हणजे विचारू नका. मोठ्या मशिनीपासून पान्यापर्यंत सगळं लोखंड धुऊन, पुसून, रंगवून पूजेला बसतं. मग जिमच्या लोखंडानेच काय पाप केलंय? आमच्या शेडची देखभाल करणाऱ्या मिस्त्रीने वीस किलोच्या गंजक्या चार प्लेटी गोविंदपुऱ्यातल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये नेल्या. परत आल्या त्या लालभडक होऊन, वर पांढऱ्या रंगात '२०' आणि कुंकवाची बोटं. मी म्हटलं, वा! एवढ्या जड प्लेटी बाकीच्या मुलींना लागतच नसत. त्या आमच्या फुलबॅकच्या एकटीच्या.

खांद्यावर बार घेऊन खाली बसायचं आणि उठायचं, हा आमचा मुख्य व्यायाम. त्यात ती कित्येक महिने नव्वद किलोवर अडकली होती. पूजेनंतरच्या आठवड्यात नव्वद सहज उचलू लागली. आणि पुढच्याच आठवड्यात वीसचा बार, त्यावर त्या चारही प्लेटी, म्हणजे शंभर! बार खाली ठेवून ती वळली. घामाने निथळत होती, सगळं तोंड हसत होतं.

"सर, शंभर!"

माझ्या मनात पाल चुकचुकली. मी एवढंच म्हटलं, "पाणी पी."

मग मला इंजेक्शनवाल्यांची काहीबाही लक्षणं दिसायला लागली. तिचा आवाज बसलेला. गालावर दोन पुटकुळ्या. ती नळावर गेली तेव्हा मी तिची बॅग उघडली. हो, उघडली, आता कशाला लपवू? आत एक डबा, डब्यात पिवळसर भुकटी. विचारलं तर म्हणाली, "सातूचं पीठ आहे सर, आईने दिलंय." आईने! अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या.

टेस्ट घेणं काही आमच्या हातात नव्हतं. मी हेडकोचकडे गेलो आणि एकच वाक्य बोललो, "इस लडकी पे जरा नजर रखनी पडेगी." त्यांनी काही विचारलं नाही. आमच्या धंद्यात एवढं पुरतं. कॅम्पची यादी लागली, तिच्यात तिचं नाव नव्हतं. खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

दिवाळीच्या सुमारास मी सहज मिस्त्रीला म्हटलं, रंग छान टिकलाय हो प्लेटींचा. तो खूश झाला.

"खाली रंग थोडेही है साहब! बार में डगमगाती थीं ना, तो लेथ पे चढाके दोनों तरफ से छिलवाई हैं. देखो, कैसी सीधी बैठती हैं."

छिलल्या म्हणजे लोखंड कमी झालं! एक प्लेट उचलली आणि ज्या काट्यावर त्या पोरीला रोज उभं करत होतो, त्याच काट्यावर ठेवली. साडेसतरा. दुसरी ठेवली, तीही साडेसतराच. चारही तशाच निघाल्या. चार वेळा अडीच म्हणजे दहा. तिचे शंभर म्हणजे तेच जुने नव्वद होते. बोंबला! असल्या वडिलांच्या पोटी जन्मून मी मुलीचं पीठ हुंगलं आणि लोखंड तसंच पास केलं.

तसाच हेडकोचकडे धावलो. म्हणाले, यादी गेली ती गेली.

दुपारी तिच्या घरी गेलो. तिची आई हरभरे आणि गहू भाजत होती, सगळ्या घरात त्या डब्याचाच वास. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. प्लेटींचं सांगितलं, बॅग उघडल्याचं सांगितलं, हेडकोचशी काय बोललो तेही. आईने गॅस बंद केला. पोरीने शिव्या द्याव्यात, हाकलून द्यावं, असं मला मनापासून वाटत होतं.  तिने नुसती मान वर केली.

"सर," ती म्हणाली. त्या घरात तिने मला कधी सर म्हटलं नव्हतं. "म्हणजे माझे शंभर झालेच नव्हते?"

"नाही," मी म्हटलं.