कागदावरचा नट

तळोद्याच्या मोटार मिस्त्रींचे माझ्यावर सर्वांत मोठे ऋण आहे. आमच्या घरातला मी पहिला बी. ए.; पण हात काळे करायला मला त्यांनीच शिकवले. ते इंजिनाचा आवाज ऐकताना पेचकसाची लाकडी मूठ कानाला लावत, आणि बोलण्याआधी तोंडातली विडी कानावर ठेवत.

सोलापूरकडे नोकरी लागली, जुनी मोटार घेतली, तेव्हा मुंबईहून मागवलेली हत्यारांची चकचकीत पेटी मी त्यांच्यापुढे उघडली.

"बी. ए. भाऊ, इतला पाना? तुले गाडी चालाडनी शे का दुकान मांडनं शे?"

एकेक पाना नटावर चढवून, डोळे मिटून, त्यांनी हलकेच हलवून पाहिला. जरा ढिला वाटला की तो बाजूला. शेवटी तीन पाने, पक्कड, पेचकस आणि हातोडी एवढेच उरले. चाकाच्या नटाला मात्र एकही नीट बसेना. तेव्हा त्यांनी स्वतःचा झिजलेला पाना पेटीत ठेवला.

"काही अडनं त लिखू नको, माले वाचता येस नही. कागदवर नट ठेव, पेन्सिल फिराव, नि धाडी दे. पाना लिसन मी ईसु."

तीन वर्षे गाडी कुठे अडली नाही, त्यामुळे पाना घेऊन त्यांना यावे लागले नाही. इथे माझ्याशी अहिराणीत बोलणारे कोणी नाही.

काल मी त्यांना पहिले पत्र टाकले. कागदावर चाकाच्या नटाचा सहा बाजूंचा आकार आहे, दुसरे काही नाही. त्या नटाचा पाना माझ्यापाशी आहे, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नाही.