चाचांचं भाड्याचं घर

घर पाहुण्यांना भाड्यानं देऊन स्वतः मात्र त्यातून पाय न काढणारा घरमालक यवतमाळ जिल्ह्यात एकच असेल, आणि दिवाळीच्या सुट्टीत नेमका तोच आमच्या वाट्याला आला. आर्णीजवळच्या एका गावात त्यांचं जुनं कौलारू घर आहे. मुलगा नागपूरला राहायला गेला, तेव्हा त्यानंच ते सुट्टीपुरतं भाड्यानं द्यायचं ठरवलं आणि वडिलांची रवानगी परसातल्या खोलीत केली. सगळं गाव त्यांना चाचा म्हणतं. जन्मभर मोटारी दुरुस्त केलेला माणूस. कुठलीही गोष्ट आपल्याशिवाय नीट चालेल यावर त्यांचा विश्वासच नाही. त्या घरात न्हाणीघराचा दिवा स्वयंपाकघरातल्या बटणानं लागतो. हे त्यांनी मला आल्या आल्या समजावलं, तरी मी टॉवेल खांद्यावर टाकला रे टाकला की परसातून हाक येई, "थांबा साहेब, मी लावून देतो!" बायकोनं पिठलं शिजत ठेवलं की खिडकीतून आवाज येई, "बेटी, मिरची कमी पडली वाटते." पाठोपाठ डाळ-दुधीच्या झणझणीत दालच्याचा वाडगा हजर. नको म्हटलं की चाचा दुखावत. "पैसे घेतले म्हून काय पाव्हन्याले उपाशी ठेवू?"

तिसऱ्या दिवशी टिपेश्वरच्या जंगलात वाघ पाहायला जायचं होतं. बायकोनं तेवढ्यासाठीच ही सुट्टी काढली होती. उजाडताना बाहेर आलो तर गाडीचं बॉनेट उघडं, आणि अंगणात फडक्यावर आमच्याच इंजिनाचे भाग ओळीनं मांडलेले. खुंटीवरची किल्ली त्यांनी कधी नेली कुणास ठाऊक!

"आवाज बरा नव्हता लागून राह्यला," चाचा म्हणाले. "घंटाभरात जोडून देतो."

त्यांचा तो घंटा दुपारपर्यंत चालला.

"आजच निघू या," बायको कडाडली. "आपण घर भाड्यानं घेतलंय की घरमालक?"

दारात चाचा चहा घेऊन उभे होते. त्यांनी कप खाली ठेवले आणि परसात निघून गेले. मग दुपारभर ना हाक, ना दालचा. संध्याकाळी बॅगा भरता भरता बायकोलाच राहवेना. ती परसात गेली, मागोमाग मी.

"चाचा, रागावलात?"

"नाही बेटी. पोरगा बी फोनवर रोज सांगते, लोकायले तरास नको देऊ म्हून." ते हातातला पाना पुसत राहिले. "पन घर रिकामं असलं का मी आत जातच नाही. आवाज देल्ला तं ओ द्यायले कोनी पायजे ना."

बायकोनं त्यांच्या हातातला पाना काढून घेतला. मग म्हणाली, "उद्या आमच्याबरोबर जंगलात चला."

वाघ काही दिसला नाही. चाचा मात्र जाता-येता इंजिनाला कान लावून खूश होते. "ऐका, कसं साफ चालून राह्यलं!"

दुसऱ्या दिवशी परतीला निघालो. गाडी वळवायला जराशी मागे घ्यायची होती. चाचा दाराच्या पायरीवर उभे राहून हातांनी दाखवू लागले, "येऊ द्या, येऊ द्या." मी आरशात बघत मागे येत गेलो. वळायला पुरेल एवढी जागा केव्हाच झाली होती, पण त्यांचे दोन्ही हात 'या, या' करतच राहिले, आणि गाडी हळूहळू त्यांच्या पायरीला येऊन टेकली.