ग इंजिनाचा नववा निकाल

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. जबलपूरच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होते. ज्याची नोंद नाही ते नाही, एवढंच मी मानत आले. तरी हे लिहिते आहे... कारण याची नोंद आहे.

इंटरनेट फोनच्या तारेतून यायचं, त्या काळची गोष्ट. एम.लिब.च्या प्रबंधासाठी मी तीन सर्च इंजिनांची तुलना करत होते. नावं देत नाही — क, ख, ग म्हणू. एकच प्रश्न तिघांना टाकायचा, प्रत्येकाचे पहिले दहा निकाल छापायचे आणि गुण द्यायचे. कामाचा असेल तर एक, नसेल तर शून्य. प्रश्न मात्र खऱ्या माणसांच्या गरजेचे हवेत, असं गाइडचं म्हणणं. म्हणून चेरीताल मोहल्ल्यातल्या आमच्या घरी आईलाही विचारलं.

"तिघांना एकच प्रश्न? कॉपी पकडून राहिली काय त्यांची?" आई हसली. मग म्हणाली, "आपला दिलीप कुठं आहे, ते विचार."

दिलीप माझा धाकटा भाऊ. प्रेस मशीनमध्ये डाव्या हाताची दोन बोटं गेली, पाठोपाठ नोकरी गेली, आणि एक दिवस तो घर सोडून गेला. दिवाळीला तेवढा फोन करायचा. कुठून, ते सांगायचा नाही. त्या दिवाळीलाही केला होता.

मी प्रश्नाच्या कार्डावर त्याचं नाव आणि चेरीताल लिहिलं.

"बोटांचं काहून नाही लिहिलं?" आई म्हणाली. "परका माणूस त्याले बोटांवरूनच ओळखीन."

तेही लिहिलं. फेब्रुवारीत कॉलेजच्या कंप्यूटरवर टाकलं. क आणि ख यांनी भलतेच दिलीप शोधून दिले. ग इंजिनाचा नववा निकाल म्हणजे भरूचकडच्या एका धर्मादाय दवाखान्याचं पान होतं. बेवारस रुग्ण, आणून सोडणाऱ्यांनी सांगितलेलं नाव दिलीप, 'चेरीताल' हा एकच शब्द बोलत असे, डाव्या हाताला दोन बोटं कमी. मृत्यू १९ जून. खाली फोन नंबर.

वर्ष दिलेलं नव्हतं. मी सरळ विचार केला — जूनमध्ये गेलेला माणूस दिवाळीला फोन करत नाही. शून्य दिला. आईला बोलले नाही, उगाच कशाला? मार्चमध्ये छापील पानांसकट प्रबंध बांधून दिला.

जुलैत पोस्टकार्ड आलं. दिलीप गेला होता. त्याच दवाखान्यात... १९ जूनला.

मी एकटीच गेले. वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, "जनवरी से यहीं थे, दीदी. आधा शरीर लकवे में. बस चेरीताल, चेरीताल करते थे. हमको लगा, बीवी का नाम है." पत्त्याची चिठ्ठी शर्टाच्या अस्तरात सापडली, तीही तो गेल्यावर.

ऑफिसात वेबसाइटचं विचारलं. क्लार्क खूश झाला. "पंद्रह दिन हुए मैडम, नई-नई बनी है! उससे पहले तो हमारे यहाँ कंप्यूटर ही नहीं था."

घरी येऊन प्रबंध उघडला. पान जागच्या जागी होतं, कोपऱ्यात फेब्रुवारीची तारीख. जाणकारांना दाखवलं. एक म्हणाले, कंप्यूटरची तारीख चुकली असेल. मग मार्चमध्ये बांधलेल्या प्रबंधात ते पान आलं कसं? गाइडची सही आहे त्याच्यावर. त्यांनी सही निरखली आणि प्रबंध मिटून परत दिला.

पण मला छळतं ते हे नाही. फेब्रुवारीत तो जिवंत होता. पानावरचा नंबर खरा होता. एक एसटीडी कॉल...

तेरावं झाल्यावर आईने विचारलं, "तू मशीनले विचारलं होतं ना? तेव्हा काहीच नाही सांगितलं त्यानं?"

"नाही," मी म्हणाले.

"मग तू तरी काय करशील, बाई," असं म्हणून ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.