इन्व्हिन्सिबल मावशी

इस्पितळाच्या लाँड्रीत ओल्या चादरी पिळून पिळून मावशीचं मनगट असं काही तयार झालं होतं, की पंजा लढवायला बसली की भल्याभल्यांना पाणी पाजायची. जेवणाच्या सुट्टीत इस्त्रीच्या टेबलावर कोपर टेकायचं, की समोरच्याचा हात आडवा. नवे साहेब एकदा हौसेनं बसले आणि हात चोळत उठले. "मावशी, तुम्ही तर इन्व्हिन्सिबल आहात," म्हणाले.

शिवी तर नाही ना दिली? घरी आल्या आल्या मावशीनं लेकीला विचारलं. लेक शाळेत इंग्रजी शिकवायची.

"अजिंक्य. जिला कुणी हरवूच शकत नाही अशी."

"म्हणजे अजून हरली नाही ती?"

"तेवढंच नाही गं आई. पुढेही कधी हरणार नाही ती."

"पुढचं त्या साहेबाला काय ठाऊक?" मावशी म्हणाली. पण शब्द आवडला. मग काय, उठता बसता तोच. न निघणारा डाग इन्व्हिन्सिबल, भांडायला लागली की शेजारीण इन्व्हिन्सिबल. लेकीनं कपाळाला हात लावला, पण चूक काही काढता येईना.

पुढे मावशी जिन्यावरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर कामावर आली ती थेट टेबलाशी. हातात पूर्वीचा जोर उरलाय का, एवढंच तिला बघायचं होतं. नसला तर चादरी सुटल्या, नुसत्या घड्या घालत बसायचं. समोर बॉयलरवाला बसला. दांडगा गडी, पण बघता बघता आडवा झाला. मग दुसरा बसला, तोही हरला. "मावशी इन्व्हिन्सिबल," म्हणत सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

मावशी काय दुधखुळी होती? समोरच्यानं जोर लावलाय की नुसता हात ठेवलाय, हे पंजाला पंजा भिडताच कळतं. तिला राग आला, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटली.

तिनं बॉयलरवाल्याला परत बसवलं. "कीव करतोस होय रे माझी? जोर लाव. नाही लावलास तर आजपासून मला मावशी म्हणू नकोस."

त्यानं मान खाली घातली आणि लावला. मावशीचं मनगट जरा वेळ तग धरून राहिलं, आणि हात टेबलावर आपटला. बॉयलरवाला ओशाळून उठायला लागला.

मावशी मनगट चोळत होती. दुखत होतं आणि रडूही येत होतं, ते तिनं लपवलं नाही. मग पदरानं नाक पुसलं, डाव्या हाताची बाही वर सारली आणि कोपर टेकलं.

"उठतोस कुठे? बस."